गुणाची पोर

दिवस कासराभर वर चढला की कासारवाडीतला बाप्या माणूस रानात तरी असतो, नाहीतर देवाघरी. अंबूबाईचा मालोजी मात्र त्या वेळी डोक्यावरून वाकळ ओढून घोरत पडलेला असायचा! आणि त्याच्या झोपेपायी अख्खं घर चवड्यावर चालायचं. जातं बंद. कांडण बंद. कोंबड्या परड्यात हाकललेल्या. सून भांडी घासायची तीही चोरासारखी, आवाज न करता. अंबूबाईला खोकला आला तर तिनं अंगणात जाऊन खोकायचं. नवऱ्यानं बांधलेलं घर, स्वतःच्या हातानं सारवलेली भुई, आणि तिथंच खोकायची चोरी!

"राजा झोपलाय," ती शेजारच्या कौशल्याबाईला कुंपणावरून सांगायची, आणि मुद्दाम मोठ्यानं सांगायची. "आमच्या घरात दोगंच दिवसा झोपत्यात. एक मांजर, आन् एक ह्यो."

"अवं, रातपाळी हाय त्याला."

"घुबडाला बी रातपाळीच असती."

पिंपरीच्या माळावर नवा कारखाना निघाला आणि गावातल्या पोरांना भोंग्याचं वेड लागलं. मालोजीही तिथं कामाला लागला. खाकी कपडे, पितळी डबा, सायकल. पहिल्यांदा अंबूबाईनंच सगळ्या आळीला पेढे वाटले होते, हे खोटं नाही. पण पोरगा घरात हुकूम सोडायला लागला तेव्हा तिचा पेढा कडू झाला. "आवाज नको. माझी झोप मोडली तर मशीनीत हात जाईल." एवढं म्हणायचा आणि पासला पडायचा. बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. त्याच्याच पाळीतल्या एकाची दोन बोटं डुलकीपायी गेली होती, आणि मालोजीला अजून कारखान्यानं कायम केलं नव्हतं. झोपाळू माणसाला कोण कायम करतंय?

पण गंमत ऐका. अंबूबाईचं घर रुळाच्या कडेला. लोणावळ्याकडची मालगाडी गेली की फडताळातली पितळी झणाणायची, आढ्याची माती खाली पडायची. शिट्टी तर अशी, की दावणीची म्हैस दूध चोरायची. त्या गाडीनं मालोजी कूस बदलत नसे. आणि मूठभर लेकरानं टॅह्यां केलं की ताडकन उठून बसायचा!

लेकरू म्हणजे हौसा. मालोजीची पहिली पोर, सातवा महिना लागलेली. जन्मली तेव्हा आवाज असा होता, की सुईण म्हणाली, ही पोर सभेत बोलणार. चार महिने हौसानं घर डोक्यावर घेतलं. मालोजी घरात नुसता चरफडायचा. आणि मग काय झालं कोण जाणे, पोर गप्प झाली. एकाएकी. सकाळी बाप कारखान्यातून यायचा, भाकरी खायचा, झोपायचा, आणि पोरही त्याच्याबरोबर झोपायची ती पार उन्हं कलेपर्यंत.

अंबूबाईला कोण अभिमान! पाणवठ्यावर, दळणाच्या रांगेत, सगळीकडं तिचं एकच. "आमची हौसा म्हंजी गुणाची पोर. रडणं म्हाईतच न्हाई तिला. न्हाईतर कौशल्ये, तुझा नातू. आगगाडी परवडली."

कौशल्याबाई बिचारी गप्प बसायची. तिचा नातू हौसापेक्षा पंधरा दिवसांनी धाकटा. रडका, हट्टी. पण तो पालथा पडून पोटावर सरपटायला लागला होता, आणि हौसा अजून धड पालथीही पडत नव्हती. हे अंबूबाईला दिसत होतं. दिसत होतं, पण मानायचं नव्हतं. आयाबायांनो, आपल्या लेकराचं कौतुक करताना आपण अर्धे आंधळे असतो, आणि शेजारणीच्या लेकराला नावं ठेवताना उरलेले अर्धे.

त्या दिवशी सून शालन धुणं घेऊन नदीवर गेली होती. मालोजी आत झोपलेला. चुलत सासरा सोपानराव, म्हणजे अंबूबाईचा दीर, ओट्यावर सुताडा वळत बसलेला. अंबूबाई अंगणात शेंगा निवडत होती. आत झोळीत हौसा मघाशी जरा कुरकुरली होती. दात येत होते. अंबूबाई उठणार, तेवढ्यात कुरकुर थांबली. गुणाची पोर, ती मनात म्हणाली आणि पुन्हा शेंगांत हात घातला.

थोड्या वेळानं मालगाडी आली. शिट्टी झाली. परड्यातली म्हैस बुजली, कौशल्याबाईच्या घरातून नातवानं भोकाड पसरलं, सोपानरावाच्या हातून पीळ सुटला. अंबूबाई झोळीपाशी गेली ती नातीला थोपटायला. अशा शिट्टीनं तान्हं दचकायचंच.

हौसा दचकली नव्हती.

डोळे अर्धे उघडे. ओठ निळसर. अंबूबाईनं तिच्या मुठीत आपलं बोट घातलं. तान्ह्या लेकराच्या मुठीत बोट घातलं की ते धरतं, झोपेतही धरतं. ही मूठ ओल्या चिंधीसारखी पडून राहिली. छातीवर हात ठेवला. श्वास होता, पण एक आला की दुसरा येईल की नाही अशी वाट बघायला लावणारा. अंबूबाईनं पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"मालू!"

त्या हाकेनं मात्र मालोजी उठला.

"काय हाय? आत्ता कुठं डोळा लागला व्हता..."

"पोरीला काय झालं? हिकडं बघ!" अंबूबाईनं पोरीला उचलून मांडीवर घेतलं.

मालोजीनं बघितलं आणि वाकळ भिरकावून धावत आला. त्याच वेळी शालन धुण्याची पाटी घेऊन दारात आली. अंबूबाईच्या मांडीवर लोंबणारी पोर बघून तिनं पाटी टाकली, आणि सासूकडं न बघता नवऱ्याकडं बघितलं.

"तुमी पुन्यांदा दिली?"

"काय दिली?" अंबूबाई कडाडली. "काय दिली, बोला!"

मग शालननं उतरंडीच्या मागं हात घालून एक कागदाची पुडी काढली. आत काळ्या गोळ्या, मोहरीएवढ्या. अंबूबाईनं वास घेतला. बाळगोळी! अफूची! सरकारनं बंदी घातली तरी बाजारातला वैदू कनवटीला लावून विकत फिरायचा, तीच.

"सकाळी मी एक दिली व्हती," शालन म्हणाली. "रोजच्यावानी. ह्यांनीच आणल्यात. म्हणले, पोर झोपली तर मी झोपीन."

"आन् तू?" अंबूबाई लेकाकडं वळली.

"मघाशी कुरकुरत व्हती..." मालोजी खाली बघून म्हणाला. "हिनं दिली असंल हे ध्यानात आलं न्हाई. मी जरा बोटानं..."

वाचणाऱ्यांनो, आमच्याकडं एक रीत आहे. वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं पोर उचलायचं नाही. लाज वाटते म्हणे! चुलता ओट्यावर बसलेला, म्हणून हा बाप रडणाऱ्या पोरीला कधी कडेवर घेऊन अंगणात गेला नव्हता. पोर उचलायला लाज, आणि वाकून तिच्या तोंडात विष घालायला लाज नाही!

"आगं सटवे," अंबूबाई सुनेवर धावून गेली, "तुझ्या पोटची ना ही? ह्यो तर बैल हाय. तुझं आतडं कुठं गेलं व्हतं? पोर अंगावर प्येत न्हाई, तुझा पान्हा आटत चाललाय, हे तुला कळत न्हवतं?"

शालन आजवर सासूपुढं मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"कळत व्हतं, आत्याबाई! पर सांगू कुणाला? पोर रडली की ह्ये खेकसणार, झोळीला झोका दिला न्हाई म्हून तुमी मला बोल लावणार. आन् गप्प ऱ्हायली तवा गुणाची पोर, गुणाची पोर म्हून साऱ्या गावात वाजवत कोण फिरत व्हतं? तुमीच की!"

अंबूबाईच्या जिभेला उभ्या गावात कुणी लगाम घातला नव्हता. सुनेच्या त्या एका वाक्यानं ती जीभ टाळ्याला चिकटली. पण भांडायला वेळ कुठं होता? बैलगाडी रानात गेलेली. तिनं पदर खोचला, पोरीला लुगड्याच्या ओच्यात बांधलं आणि लेकाला म्हणाली, "काढ तुझी ती सायकल."

सायकलीला आजवर ती सैतानाचं चाक म्हणायची. त्या दिवशी नऊवारी नेसलेली अंबूबाई पिंपरीपर्यंत सायकलीच्या मागच्या बाजूला बसून गेली. हमरस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, मालोजी रातपाळीच्या सुजलेल्या डोळ्यांनी पायंडल मारत होता आणि ती मागून एकच म्हणत होती, "हाण! हाण! कारखान्याच्या भोंग्याला जसा पळतोस तसा पळ!"

पिंपरीला निर्वासितांची छावणी होती. तिथल्या बराकीत एक सिंधी डॉक्टर बसायचा. सगळं मागं टाकून आलेला माणूस. मराठी मोडकं, पण हात सरळ. त्यानं पोरीची बाहुली बघितली आणि मान वर न करता विचारलं, "क्या खिलाया?"

मालोजीनं आईकडं बघितलं.

"सांग की! आता का दातखीळ बसली?"

"बाळगोळी," मालोजी पुटपुटला.

"अफीम," डॉक्टर म्हणाला. "बाळ का नाव लगाया तो जहर दवा नहीं बनता."

त्यानं पोरीचं पोट धुतलं. सुई टोचली. तोंडाला तोंड लावून वारा भरला. बराच वेळ गेला. मग पोरीला फडक्यात गुंडाळून त्यानं वर धरलं. अंबूबाईनं हात पुढं केले, पण त्यानं ती बापाच्या हातात दिली.

"आता झोपू द्यायचं नाही. फिरवा. पायाला टिचक्या मारा, पाणी लावा, काही करा. रुलाओ इसको! रडली तर वाचली. चूप राहिली, तो फिर मेरे पास कुछ नहीं."

मालोजीला पोर धरायचं ठाऊकच नव्हतं. त्यानं ती पोत्यासारखी धरली.

"मान धर तिची," अंबूबाई फिस्कारली. "कोंबडं न्हाई त्ये!"

आणि मालोजी चालायला लागला. बराकीच्या ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाला, भर उन्हात, रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस. तळपायाला टिचकी. तोंडावर पाण्याचा हात. "हौसा, ए हौसा." पोर हुं का चूं करीना. डोळा मिटत चालला की बाप आणखी एक टिचकी मारायचा. "रड की गं बाय! एकदा रड! मोठ्यानं रड!" छावणीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, हा कसला बाप, पोरीला रड म्हणून पाया पडतोय!

अंबूबाई पायरीवर बसली होती. तिनं त्याला धीर दिला नाही.

"झोप आली का रं?" ती म्हणाली. "आली असंल तर वाकळ आणू?"

"आये, नको गं."

"का? आता आवाज न्हाई कुणाचा. बघ कशी गप्प हाय. तुला पायजे व्हती तशीच गप्प हाय."

मालोजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पाय थांबले नाहीत.

एवढ्यात सोपानराव रानातून बोलावून घेतलेली बैलगाडी घेऊन आला, बरोबर शालन. चुलत्याला बघताच मालोजीचे हात आपसूक पुढं झाले. वडीलधारं माणूस समोर, पोर बायकोकडं द्यायची. इतकी वर्षं अंगात मुरलेली रीत.

सोपानराव गाडीवरूनच ओरडला, "दिऊ नगं तिला! तुझी न्हवं का ती? चाल तू!"

मालोजीनं पोर छातीशी धरली आणि पुन्हा वळला. पिंपरीच्या ठेसनाकडं गाडीची शिट्टी झाली. लांबलचक, कान फाडणारी. मालोजी एकदम थांबला.

"आये! दचकली! माझ्या हातात दचकली ती!"

पोरीनं ओठ दुमडला. एक बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. मग दुसरा. आणि मग हौसानं जी तान मारली ती बराकीच्या पत्र्यावर आपटून माघारी आली! शालन धावली, तिनं पोरीला तिथंच छातीशी लावलं. डॉक्टर दारात आला, त्यानं घाम पुसला आणि पहिल्यांदाच हसला.

"हां. अब रोने दो."

घरी निघताना डॉक्टरनं शालनला बसवून सांगितलं. पोरगी मागेल तेव्हा पाज, चार दिवस भूक मंद वाटली तरी पाज, पान्हा परत येईल. आता वरचंही सुरू कर. मऊ भात कुस्करून, नाचणीची पेज, डाळीचं पाणी. रडली तर आधी बघ, भूक आहे, ओलं आहे, दात आहेत, की नुसती माणसाची आठवण आलीय. "बच्चे के पास दूसरी जबान नहीं है, बहन. त्याची बोली तीच. ती बंद केली, तर तो बोलणार कसा?"

अंबूबाई मागं उभी राहून ऐकत होती. तिला अक्षर लावून वाचता येत नव्हतं, पण हे तिनं मनात कोरून घेतलं.

कायम न झालेल्याला खाडा परवडत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी रातपाळी करून मालोजी घरी आला तेव्हा दारातच थबकला. घरात जातं घरघरत होतं. अंबूबाई दळत होती, आणि गळा काढून ओव्या म्हणत होती. कोंबड्या माजघरात फिरत होत्या. शालन उखळात कांडत होती. झोळीत हौसा पाय झाडत रडत होती, कारण दोघींचेही हात गुंतले होते. ओट्यावर सोपानराव, आणि कुंपणापाशी कौशल्याबाई, कडेवर तो रडका नातू. अंबूबाईनं आज सकाळी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता. तोंडानं काही म्हणाली नाही, पण कौशल्याबाई समजली.

मालोजीनं सायकल भिंतीला लावली. डबा खाली ठेवला. चुलत्यासमोरून, शेजारणीसमोरून सरळ झोळीपाशी गेला आणि पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. मानेखाली हात देऊन. पोर दोनदा हुंदकली आणि त्याची खाकी कॉलर चोखायला लागली.

"आये," तो म्हणाला, "चुकलो मी. पुडी कालच चुलीत घातली. पाळीतल्या दोघांच्या घरी बी तीच गोळी देत्यात. त्यास्नी बी सांगितलं म्या आज."

वाटलं असेल त्याला, आई आता डोक्यावरून हात फिरवेल. अंबूबाईनं जात्याचा खुंटा सोडला, पदरानं पीठ झटकलं आणि उठून त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज बारीक करायचा प्रश्नच नव्हता.

"चुकलो म्हणून सुटलास असं समजू नगं, मालू. पोर मेली असती तर ह्यो शबुद तू कुणाला सांगितला असतास? सुनंनं गोळी दिली, तिला बी मी सोडणार न्हाई. आन् मी गावभर नाचले, मला बी कुणी सोडू नगा. पर पुडी तू आणलीस, म्हून ऐक, आन् समद्यांसमोर ऐक. आजपासनं ह्या घरात जातं थांबणार न्हाई, कोंबडी हाकलली जाणार न्हाई, आन् पोर रडली तर तिचं तोंड कुणी बांधणार न्हाई. येवढी आगगाडी भिंती हलवून जाती, तिची सवय लागली न्हवं तुला? मग आता पोरीची लाव! न्हाईच लागली, तर जा त्या मांजरापाशी माळ्यावर जाऊन झोप. कारखाना तुला कायम करंल न करंल, ह्या पोरीचा बाप म्हून तू अजून कायम झाला न्हाईस. ती हाजरी मी घेणार. आन् एक ध्यानात ठेव. ज्या घरात तान्हं पोर रडत न्हाई, त्या घरात एकतर पोर न्हाई, न्हाईतर माणसं न्हाईत!"